चौऱ्याण्णव टक्के गोदाआत्या

शेंद्र्याच्या एका कंपनीत मी नेटवर्क सांभाळते. म्हणजे 'नेट गेलं' की सगळे जिच्या नावानं शंख करतात, ती बाई मी. परवा नव्यानं लागलेली एक मुलगी डबा खाता खाता म्हणाली, "मॅडम, घरी टोरंट सीडला ठेवलंय. उतरवताना कसं धो धो आलं, आणि अपलोड मात्र मुंगीच्या पावलानं चाललंय. असं का?" मला घास हातात धरून हसूच आलं. आता हिला काय काय सांगू! एक तर समोर घेणारा पाहिजे, नुसतं दुकान मांडून बसलं म्हणून गिऱ्हाईक येतंय का? घेणारा असला आणि त्याला आणखी दहाजण देत असले, तर तो तुझ्या दारात कशाला ताटकळेल? राउटरचं दार आतून बंद असलं, म्हणजे पोर्ट उघडलेलं नसलं, तर अर्धेअधिक लोक दारावरनंच परत जातात. आणि जुन्या टेलिफोनच्या तारेवरचं नेट असलं तर त्याची जाण्याची वाटच मुळात अरुंद. हे सगळं तिला सांगितलं. एक कारण तेवढं सांगितलं नाही, त्याला डब्याची सुट्टी पुरली नसती. ते इथं लिहिते.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. टोरंट म्हणजे मोठ्या फाइलचे तुकडे करून लोकांनी एकमेकांना देणं. ज्याच्याकडं पूर्ण फाइल आहे तो आपला कॉम्प्युटर चालू ठेवून देत बसतो, त्याला सीड करणं म्हणतात. आमच्या कॉलेजच्या दिवसांत हे नवं नवं होतं आणि त्यात एक अलिखित नियम होता: घ्यायचं पोटभर, द्यायचं चिमूटभर. मला तो एका सीनियर मुलीनं पहिल्याच दिवशी शिकवला. "वैशाली, सगळ्यात आधी सेटिंगमध्ये अपलोडच्या डब्यात पाच टाक. नाहीतर तुझंच डाउनलोड मरतं." यात थोडं तथ्य होतं. जाण्याची वाट पूर्ण भरून गेली की 'मिळालं, मिळालं' अशा पोचपावत्यासुद्धा बाहेर पडत नाहीत, आणि मग येणारंही अडतं. त्यासाठी थोडी जागा मोकळी ठेवावी, इतकंच. पण पाच? सेकंदाला पाच केबी म्हणजे शुद्ध कंजूसपणा. मी पाच टाकलं, ओके दाबलं आणि विसरून गेले. हे विसरणं मला पुढं चांगलंच महागात पडलं.

आमचं घर टीव्ही सेंटरच्या बाजूला, एका ओळीतल्या घरांपैकी तिसरं. खाली दोन खोल्या आणि वर गच्ची. त्या गच्चीचा आईला कोण अभिमान! कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत, खिडकीखाली. आईनं त्याला जुन्या साडीचं झाकण शिवलं होतं आणि बंद केला रे केला की ती ते घालायची, आत गरम असला तरी. मी ओरडायची, "अगं, त्याला वारा लागू दे!" तर म्हणायची, "धूळ किती येते बघितलीस का? तुझ्या बापाच्या फुफ्फुसात गेली तेवढी पुरे." नळाला पाणी एक दिवसाआड. पाणी आलं की गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम घुं करून सुरू व्हायच्या, दिवे पिवळे पडायचे आणि पंखा दमल्यासारखा फिरायचा. त्यात रोजचं भारनियमन. तरीही ते दिवस मला सुखाचेच आठवतात. परीक्षा संपलेली, नोकरीचं पत्र यायचं होतं, सकाळी काठवटीत भाकरी थापल्याचा आवाज, तव्यावर भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास, आणि मी पायांची घडी घालून स्क्रीनसमोर. घरात मला कामाला कुणी लावत नसे. इंजिनिअर झाले होते ना!

अण्णा, म्हणजे माझे वडील, चिकलठाण्याला एका कारखान्यात होते. ती पोटाची नोकरी. जिवाची नोकरी म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, गोदाआत्याच्या गायन पार्टीत कोरसला बसणं. गोदाआत्या लासूर स्टेशनला आडतीवर धान्य निवडायला जायची आणि जयंतीचे दिवस आले की गावोगाव गायची. उंच, काळीसावळी, कपाळ मोठं, आणि आवाज असा की माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला शब्द न् शब्द कळायचा. आजी लवकर गेली, तेव्हा अण्णांना आत्यानंच वाढवलं. त्यामुळं ती त्यांची बहीण कमी आणि आई जास्त. ती घरी आली की आधी माझ्या डोक्यावर टपली मारायची आणि मग विचारायची, "काय गं वैशे, पुस्तकात काय लिवलंय आज?" मी काहीही सांगितलं तरी म्हणायची, "लई भारी. वाच आणखी."

आत्याला जाऊन तीन वर्षं झाली होती. अण्णांनी तिची पार्टी वेगवेगळ्या गावांत आपल्याच टेपरेकॉर्डरवर भरून घेतली होती, अशा सात कॅसेट होत्या. जगात दुसरीकडं कुठं तिचा आवाज नव्हता, कंपनीनं वगैरे कधी रेकॉर्ड केलं नव्हतं. ती गेल्यापासून अण्णांनी त्या एकदाही लावल्या नव्हत्या. कपाटात बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात पडून होत्या. मला रिकामपणी सुचलं की या कॉम्प्युटरमध्ये घ्याव्यात. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातनं वायर काढली, कॉम्प्युटरला जोडली आणि सात दिवस रोज एक कॅसेट आत घेतली. पहिली दाबून लहान, एमपीथ्री करून अण्णांना ऐकवली. त्यांनी अर्धा मिनिट ऐकलं आणि मान हलवली. "ही गोदी न्हाय. हिला सर्दी झालीय." मग मी काहीही न दाबता, होतं तसं, मोठ्या थोरल्या फाइलींत परत घेतलं. सात तासांचं गाणं चार जीबीच्या वर गेलं. ते ऐकताना अण्णा उठून पाणी प्यायला गेले आणि बराच वेळ पाणी पीत राहिले.

मग मला हुक्की आली की हे जगाला द्यावं. खरं सांगायचं तर उदात्त वगैरे काही नव्हतं, एका जुन्या रेकॉर्डिंगच्या मंडळींच्या साइटवर आपलं नाव झळकावं एवढीच हाव. टोरंट बनवलं, टाकलं, सीडला लावलं. दोन आठवडे काळं कुत्रं फिरकलं नाही. मग एका सकाळी बघते तर एकजण उतरवून घेतोय, नाव 'फर्दापूरकर'. त्याचा निरोपही होता. "जयभीम भाऊ. ह्या त्याच गोदाबाई का? त्यांची पार्टी आमच्या फर्दापूरला आली होती, मी बापाच्या खांद्यावर बसून ऐकलं होतं. माझी बहीण त्या रात्रीनंतर शाळेत गेली. बापानंच घातली. आज ती नर्स आहे. मी मस्कतला हॉटेलात रोट्या भाजतो." मी नुसतं 'होय, त्याच' एवढंच लिहिलं. मुलगी आहे हे सांगितलं नाही, तेव्हा तसल्या साइटवर मुलगी म्हटलं की निरोपांचा पाऊस पडायचा. अण्णांना मात्र वाचून दाखवलं. त्यांनी तीनदा वाचायला लावलं आणि त्या दिवशी कामावर जाताना सगळ्या गल्लीला सांगत गेले, "गोदी मस्कतला चाललीय."

गोदी चालली होती खरी, पण बैलगाडीनं. पाच केबी. कॉम्प्युटर दिवसाचे सहा-सात तास चालायचा, बाकी वीज नसायची किंवा आई झाकण घालायची. मस्कतला शुक्रवारी सुट्टी, त्यामुळं दर शुक्रवारी फर्दापूरकरचा निरोप. "भाऊ, बावीस टक्के." पुढच्या शुक्रवारी, "भाऊ, एक्केचाळीस. स्पीड जरा वाढतो का बघा की. नाही वाढला तरी हरकत नाही. फक्त बंद करू नका." मला लाज वाटायला लागली, आणि लाज वाटली की मला राग येतो, तो दुसऱ्यावर. मी टेलिफोनवाल्यांकडं तक्रार ठोकली.

लाइन बघायला युनूसचाचा आले. आमच्या भागातल्या सगळ्या तारा त्यांना तोंडपाठ. खांबावर चढून आले, डबी उघडून बघितली, मोडेमला आपलं यंत्र लावलं आणि म्हणाले, "लाइन तो टनाटन है बेटी."

"टनाटन है तो अपलोड पाँच कायकू आरा, चाचा?"

"देख, आने का रस्ता ये लोगां चौडा रखे, जाने का बारीक. कायकू बोले तो, घर में सब को लेना रहता, देने कू कौन बैठा है? तेरा जाने का दो सौ छप्पन है."

दोनशे छप्पन्न ते मोजतात बिट्समध्ये, आठनं भागायचं, म्हणजे बत्तीस केबी. एवढं मलाही कळत होतं. मी म्हणाले, "मग बत्तीस नाही तर पंचवीस तरी यायला पाहिजे ना?"

"हौ, होना. पन मेरा काम डब्बे तक का. डब्बे में कुछ नहीं. तू तेरे कंप्यूटर में देख, किधर तो बी कुछ बांध के रखी होगी."

बाई गं, माझा पारा असा चढला! चार वर्षं इंजिनिअरिंग करून आता टेलिफोनचा माणूस मला कॉम्प्युटर शिकवणार? मी वरवर हसले, चहा दिला आणि त्यांची पाठ वळताच आईला म्हणाले, "यांना काय कळतंय." आई म्हणाली, "माणूस तर शहाणा वाटला." मी बघितलंच नाही. दोन क्लिकचं काम होतं. आजही ऑफिसात एखादा शिपाई मला म्हणाला की मॅडम, अमुक वायर बघा, तर मी आधी ती वायर बघते आणि मग बोलते. हे शहाणपण युनूसचाचांचं, मला उशिरा पोचलेलं.

तोवर वैशाख तापला. आईनं गच्चीवर कुरडया घातल्या, खारोड्या घातल्या. दरवर्षी कावळे आणि साळुंक्या यायच्या आणि आई काठी घेऊन जिन्यात बसायची. तर एका दुपारी ती तो बिस्किटाचा डबा घेऊन माझ्यामागं येऊन उभी राहिली. "वैशू, ह्या फिती आता लागत न्हाईत ना?" मी कसलासा फॉर्म भरत होते. मान न वळवता म्हणाले, "नाही गं. सगळं आत आलंय आता." झालं. आमच्याकडं शेताच्या बांधावर कॅसेटची फीत ताणून बांधतात. वाऱ्यानं ती थरथरते, गुणगुणते, उन्हात चमकते आणि पाखरं बसत नाहीत. आईचं माहेर शेतातलं, तिला ते ठाऊक. दुसऱ्या दिवशी गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून अँटेनाच्या नळीपर्यंत आठ-दहा पदरी फीत झळकत होती. मी कपडे वाळत घालायला गेले, ती बघितली, मला छान वाटली. खरंच सांगते, आई किती हुशार आहे असंच मनात आलं. त्या वर्षी एकही कुरडई पाखरानं नेली नाही.

आणि मग एका पाण्याच्या दिवशी, भर दुपारी, वीज गेली, आली, परत गेली, आणि आली ती अशी आली की बाहेरच्या खोलीतला बल्ब पांढराशुभ्र होऊन फुटला. कॉम्प्युटर पुन्हा लावला तर आतनं नुसतं टिक टिक टिक. हार्ड डिस्क दुरुस्तीवाल्याकडं नेली. त्यानं ती कानाला लावली, मला परत दिली आणि म्हणाला, "गेली. ह्यातनं काय निघत न्हाई आता." आदल्याच दिवशी फर्दापूरकर चौऱ्याण्णववर पोचला होता.

घरी येऊन सांगितलं तेव्हा अण्णा दुपारपाळीला निघायच्या तयारीत होते. त्यांनी उलट माझीच समजूत काढली. "जाऊ दे गं. मशीनच ते. कॅसेटी हायत ना, पुन्यांदा भर." आतनं भाकरी थापल्याचा आवाज येत होता, तो थांबला. आई पिठाच्या हातानं दारात आली. तिच्या तोंडाकडं बघूनच मला गच्चीवरची फीत आठवली. तिघंही गच्चीवर गेलो. तीन आठवड्यांच्या उन्हावाऱ्यात फितीचं पार मातेरं झालं होतं. कुठं ताणून दोऱ्यासारखी झालेली, कुठं तुटलेली, काही तुकडे शेजाऱ्यांच्या लिंबाला लटकत होते. अण्णांनी एक हातभर तुकडा सोडवून घेतला, उन्हाकडं धरून बघितला आणि विचारलं, "ह्यात कोणतं गाणं असंल?" मग तो तुकडा बोटाला गुंडाळून खिशात घातला आणि कामावर गेले. आई त्या दिवशी जेवली नाही. "मला काय म्हाईत, तू म्हणलीस सगळं आत आलंय," एवढंच म्हणत राहिली, आणि ती खरंच बोलत होती. तिला दोष देऊ तरी कोणत्या तोंडानं?

आठवड्यानं नवी डिस्क बसवली. सगळे प्रोग्राम नव्यानं टाकत होते, टोरंटचाही टाकला. कोऱ्या प्रोग्रामची सेटिंगं बघताना एक डबा समोर आला: अपलोडची मर्यादा, शून्य म्हणजे अमर्याद. मी त्या शून्याकडं बघत बसले. आणि मग लख्ख आठवलं, तो पहिला दिवस, ती सीनियर, ते पाच. हिशेब सरळ होता. ते पाच मी काढलं असतं तर फर्दापूरकरचं आठवड्याभरात पूर्ण झालं असतं, आत्या अख्खीच्या अख्खी मस्कतला सुखरूप असती. लाइन चांगली होती, मोडेम चांगला होता, घेणारा बिचारा महिनाभर उभा होता. अडवून मीच बसले होते.

हे मी अण्णांना सांगितलं. न सांगता चाललं असतं, त्यांना यातलं काही कळत नव्हतं. पण मला सहन होईना. त्यांनी शांतपणे ऐकलं. "म्हंजी तो मानूस दारात हात पसरून हुबा होता, आन् तू चिमटीनं देत व्हतीस?"

"व्हय."

"गोदीनं कधी हातचं राखून गायलं न्हाय गं," ते म्हणाले. रागानं नाही. नुसतं आठवल्यासारखं. थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. मी संडासात जाऊन रडले, कारण आमच्या घरात दाराला कडी तेवढीच होती.

त्याच दिवशी फर्दापूरकरला सगळं लिहिलं. मी भाऊ नाही, गोदाबाईंची भाची आहे. डिस्क जळाली, कॅसेट गेल्या, आणि तुमचं काम लांबलं ते माझ्या कंजूसपणामुळं. तुमच्याकडं जे अर्धवट आहे ते कृपा करून पुसू नका. अर्धवट फाइल कोण ठेवतं हो? सीड करणारा नाहीसा झाला की लोक वैतागतात, पुसतात आणि पुढं जातात, मीही तेच करत आले होते. शुक्रवार आला, उत्तर नाही. अण्णा कामावरनं आले की चपला काढायच्या आधी माझ्याकडं बघायचे. पुढच्या शुक्रवारी उत्तर आलं. "ताई, गावी गेलो होतो. माफी मागू नका. चौऱ्याण्णव टक्के माझ्याकडं जशीच्या तशी आहे. खोलीतले दोघंजण जागा पाहिजे म्हणून पुस पुस करत होते, मी म्हणालो जीव गेला तरी पुसणार नाही. सुरू करतो आत्ता."

त्याच्याकडची जाण्याची वाटही बारीकच होती, आमच्याहून थोडी बरी इतकंच. पण जेवढी होती तेवढी त्यानं पूर्ण सोडली. पाच-सहा दिवस आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. अण्णा दारातनंच विचारायचे, "कितीवर आली गोदी?" आईनं झाकण घालणं बंद केलं, उलट पाणी आलं की स्वतः जाऊन शेजारपाजाऱ्यांना मोटारी एकेक करून लावायला सांगून यायची. साठ झाले, ऐंशी झाले, नव्वद झाले आणि चौऱ्याण्णववर ते थांबलं.

"आता पुढं?" अण्णांनी विचारलं.

"पुढचं कुणाकडंच नाही, अण्णा. जगात कुणाकडंच नाही."

ते सहा टक्के शेवटचे सहा नव्हते, हे मला माहीत होतं आणि त्यांना सांगायचा धीर होत नव्हता. टोरंट ओळीनं तुकडे देत नाही, कुठलेही कुठनंही देतं. राहिलेले तुकडे सातही कॅसेटभर विखुरलेले असणार. साठ-पासष्ट ठिकाणी, प्रत्येकी वीसेक सेकंद, काहीच नाही.

रविवारी सकाळी ऐकायला बसलो. आईनं येसराची आमटी उकळायला ठेवून गॅस बारीक केला आणि पदराला हात पुसत दारात बसली. मी पहिली फाइल लावली. आधी मंडपातली खोकलाखोकली, कुणाचं तरी पोर रडतंय, ढोलकीवर एक थाप, आणि मग आत्या. तिचा आवाज आला आणि आईनं "अगं बया!" म्हणून तोंडावर हात धरला. अण्णा मांडीवर बोटांनी ठेका धरून होते. दोन कडवी झाली. तिसरं सुरू झालं आणि मधेच सगळं तुटलं. ढोलकी नाही, पेटी नाही, मंडप नाही. फक्त आमच्या पंख्याचा आवाज. मी फरशीकडं बघत होते. अण्णांचा ठेका चालूच होता. वीस सेकंदांनी आवाज आला तो कोरसचा, तीन पुरुष कुणाच्या तरी मागं ओळ म्हणतायत आणि पुढं कुणीच नाही. त्या तिघांत पंचविशीतले अण्णा अगदी स्पष्ट ओळखू येत होते. मी म्हणाले, "बंद करू का?" ते म्हणाले, "चालू दे."

गायन पार्टीचा एक दंडक असतो, कोरसवाल्यानं पहिली ओळ कधी घ्यायची नाही. मुख्य गाणाऱ्यानं ओळ टाकायची, मग मागच्यांनी ती उचलायची. उमेदीत एकदा गंगापूरला अण्णांनी उत्साहाच्या भरात आत्याच्या आधी तोंड उघडलं होतं. तिनं गाणं थांबवलं, मागं वळली आणि माइकवरच विचारलं, "तू माझ्या आधी जन्मला व्हय रे?" अख्खा मंडप हसला. त्यानंतर तीस वर्षं हा माणूस सदा दुसरी ओळ गात आला. घरीसुद्धा, भांडी घासतानासुद्धा, कुणी आधी म्हटल्याशिवाय त्यांच्या तोंडातनं गाणं निघायचं नाही.

दुसरं गाणं लागलं. आत्या धृपदावर आली, "पाटी दे गं माय, मला पाटी दे गं माय, उंबऱ्याच्या बाहेर टाकते पाय." कोरसनं उचललं. एक कडवं झालं, दुसरं झालं, ती पुन्हा धृपदाकडं वळली आणि तिथंच तुटलं. परत पंखा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी माउसकडं हात नेला. आणि माझ्या मागनं आवाज आला. खरखरीत, वयस्कर, सुरुवातीला चाचरत. अण्णांनी डोळे मिटले होते, मान थोडी खाली, मागं वळून कुणी ओरडंल की काय अशी. "पाटी दे गं माय, मला पाटी दे गं माय." ठेका चुकला नाही. एकदा म्हणाले, मग पुन्हा म्हणाले, दुसऱ्यांदा आवाज उघडला. "उंबऱ्याच्या बाहेर टाकते पाय." ओळ संपायला आणि गाणं परत यायला एकच गाठ पडली. समोरच्या स्पीकरमधनं तीन तरुण पुरुषांनी ती ओळ उचलली. म्हातारे अण्णा पुढं गात होते आणि पंचविशीतले अण्णा त्यांच्या मागं म्हणत होते. मागोमाग आत्याचा आवाज आला, पुढच्या कडव्यावर, जणू काही झालंच नाही.

आई रडत होती आणि हसतही होती. अण्णांनी डोळे उघडले, धोतरानं तोंड पुसलं आणि माझी खुर्ची मागनं हलवली.

"आता रिकामी जागा कुठं येती, ते आधी सांगत जा," ते म्हणाले. "दम घ्यायला बरं पडतं."